रिकाम्या बायका

आपल्या भाषेत काम न करणाऱ्या माणसाला शब्द किती आहेत, मोजून बघा. रिकामटेकडा, आळशी, ऐदी, ऐतखाऊ, उनाड, निरुद्योगी. बाईसाठी तर शब्दही लागत नाही, नुसता प्रश्न पुरतो: "काय, बसलीस होय?" विचारणारीला उत्तर नकोच असतं. बसलेली उठून उभी राहिली की तिचं समाधान झालं. आता याच्या उलट करून बघा. काही न करता शांत बसलेल्या माणसाबद्दल मानाने बोलायचं झालं तर शब्द सापडता सापडत नाही. फुरसत आहे, सवड आहे, उसंत आहे. पण हे तिन्ही शब्द आपण 'नाही' जोडूनच वापरतो. फुरसत नाही. सवड नाही. उसंत नाही. आणि ते सांगताना आवाजात थोडा अभिमान असतो.

हा विषय निघाला माझ्या एका प्रवासावरून. गेल्या जानेवारीत मी इंग्लंडात सोळा दिवस एका नॅरोबोटीवर, म्हणजे कालव्यातल्या अरुंद नावेवर राहिले. नाव माझ्या भाचीची आणि तिच्या नवऱ्याची. दोघांचं घर तेच. परत आल्यावर बेळगाव-निपाणीकडच्या आमच्या पाहुण्यांनी मला धारेवरच धरलं. "अक्का, एवढं तिकीट काढून गेलीस, आन् लंडन नाही, राजवाडा नाही, कालव्यात नाव बांधून बसलीस? आन् तेबी थंडीत?" आमच्या एका भावजींनी तर विमानाच्या भाड्याला सोळाने भागून, रोज बसायचे किती पडले ते कागदावर काढून दाखवलं. व्यापाऱ्याचं घर आमचं, हिशोब चुकत नाही. चुकतं ते गृहीत. माणसाच्या दिवसाला किंमत यायची तर त्यात काहीतरी 'उरकलं' पाहिजे, हे त्या हिशोबातलं गृहीतच मला मान्य नाही. त्याच्याशीच माझं भांडण आहे, आणि ते मी इथे मांडणार आहे.

आधी नाव म्हणजे काय ते सांगते, नाहीतर आपल्या डोळ्यांपुढे केरळचं हाउसबोट यायचं. ही नाव सात फुटांपेक्षा थोडी कमी रुंद असते आणि लांबीला फार तर बहात्तर फूट. म्हणजे आपल्या वाड्यातला बोळ उचलून पाण्यावर ठेवल्यासारखी. ही रुंदी कुणाच्या लहरीने ठरलेली नाही. जेम्स ब्रिंडली या इंजिनिअराने १७६६ साली ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा सुरू केला, तेव्हा त्याने चढावरचे लॉक साधारण सात फूट रुंद बांधायचे ठरवले. लॉक म्हणजे पाण्याचा जिना: दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. नाव आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि नाव वर किंवा खाली जाते. लॉक जेवढा रुंद, तेवढीच नाव. अडीचशे वर्षं झाली, कारखाने गेले, कोळसा गेला, नाव अजून तेवढीच आहे.

वेगाची मर्यादा ताशी चार मैल. बांधलेल्या नावांजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर लाटेने त्यांचे दोर ताणतात आणि आतल्या माणसाचा चहा सांडतो. म्हणजे काठावरून कुत्रं फिरवणारी आजीबाई तुमच्या पुढे निघून जाते आणि जाताना हात करते.

आम्ही होतो तो भाग ग्रँड युनियन कालव्याच्या लेस्टर फाट्याचा माथा. फॉक्स्टन आणि वॉटफर्ड इथल्या लॉकांच्या मध्ये सुमारे वीस मैल सगळं पाणी एका पातळीत, मधे एकही लॉक नाही. इंजिन लावून सरळ निघालं तर एका लांब दिवसात संपणारं अंतर. आम्ही त्यातलं निम्मंही कापलं नाही. वेल्फर्डजवळ चार दिवस, हजबंड्स बॉझवर्थच्या बोगद्याच्या अलीकडे पाच दिवस, असा आमचा 'प्रवास'. सकाळी शेगडीतली राख काढायची, कोळसा घालायचा. खिडकीवरचं दव पुसायचं. काठावर एक चक्कर. दिवस मावळायच्या आत जेवायची माझी सवय, आणि तिथे जानेवारीत सव्वाचारच्या सुमाराला सूर्य बुडतो. म्हणजे साडेतीनला जेवून मोकळं. पुढे केवढी मोठी संध्याकाळ! दोन दिवस पाणी गोठलं, पातळ काचेसारखं. बर्फ फोडत नाव हाकली तर नावेच्या पत्र्यावरचा काळा लेप खरवडला जातो, आणि शेजारच्या नावेलाही ते तुकडे घासतात. म्हणून थांबायचं. थांबलो.

आता आमचे भावजी विचारतील, की मग यात मिळालं काय? आणि दुसऱ्या बाजूने एक वेगळीच मंडळी येते, ती मला भावजींपेक्षा जास्त खुपते. ती म्हणते, वा वा, हळू जगणं, किती सुंदर! शेगडीतल्या जाळाचा फोटो, चहाच्या वाफेचा फोटो, 'स्वतःला भेटा' असा मथळा, आणि खाली भाड्याचा दर. भावजी म्हणतात फुरसत फुकट जाते. ही मंडळी म्हणते फुरसत विकत मिळते. दोघंही एकच समजतात, की फुरसत ही पैशाच्या तागडीत घालायची वस्तू आहे. मला दोघांशीही भांडायचं आहे, आणि त्यासाठी कालव्याचीच साक्ष काढायची आहे.

पहिली साक्ष हिवाळ्याची. नोव्हेंबर ते मार्च हा तिथे 'ऑफ सीझन'. भाड्याच्या बहुतेक नावा धक्क्याला लागतात, गावंच्या गावं ओस पडल्यासारखी वाटतात. पण कालव्याची खरी कामं होतात ती याच दिवसांत. लॉकचे दरवाजे ओकच्या लाकडाचे, साधारण पंचवीस वर्षं टिकणारे. ते बदलायचे तर लॉक कोरडा करावा लागतो, आणि लॉक कोरडा करायचा तर वाहतूक थांबवावी लागते. उन्हाळ्यात ते जमत नाही. म्हणून हिवाळ्यात कुठला भाग कधी बंद, याची यादी आधीच जाहीर होते. कोरड्या लॉकच्या तळाशी माणसं चिखलात उभी राहून दोनशे वर्षांपूर्वीच्या विटांच्या सांध्यात चुना-सिमेंट भरत असतात. काही ठिकाणी लोकांना त्या तळात उतरून बघूही देतात. जुलैत जी नाव सुखाने चढते ती जानेवारीत कुणीतरी थांबल्यामुळे चढते. आमच्याकडे घटप्रभेच्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाणी बंद असतानाच कालव्याचा गाळ निघतो. मग हे माणसाला का लागू करत नाही आपण? कालव्याला दरवर्षी सुट्टी, आणि कालव्याकाठच्या बाईला जन्मात नाही?

दुसरी साक्ष बायकांची, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची.

एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली आणि मालाचे दर पडले. नाववाल्यांना काठावरच्या घराचं भाडं परवडेना, म्हणून बायकापोरांसकट बिऱ्हाड नावेवर आलं. मागची खोली दहा फूट लांब आणि सात फुटांच्या आतली. त्यात चूल, बिछाना, कपाट आणि सगळी पोरं. बाकीची सगळी नाव मालाला. बाई सुकाणू धरायची, लॉक उघडायची, घोड्यामागून चालायची, आणि स्वयंपाक, धुणं, बाळंतपण, सगळं त्यातच. मजुरी टनावर, ती नवऱ्याच्या नावाने आणि नवऱ्याच्या हातात. बाईच्या कामाला वेगळी मजुरी नव्हती, कारण ते 'काम' धरलेलंच नव्हतं. या बिऱ्हाडांची गर्दी आणि पोरांची शाळा यांबद्दल जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने बराच आरडाओरडा केला आणि १८७७ आणि १८८४ साली कायदे झाले. कायद्याने नावेची नोंदणी झाली, किती माणसं झोपावीत ते ठरलं. बाईची मजुरी कुणीच मोजली नाही.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. नाववाले कमी पडले, तेव्हा सरकारने जाहिराती देऊन शहरी, शिकलेल्या तरुण मुली या कामाला घेतल्या. तिघीतिघींची एक टोळी, ताब्यात दोन नावा: एक इंजिनाची, एक तिच्या मागे ओढायची. लंडनहून पोलाद वगैरे माल भरून बर्मिंगहॅमकडे, तिथून कॉव्हेंट्रीच्या बाजूला जाऊन कोळसा भरायचा, परत लंडन. दोन्ही नावांत मिळून पन्नास टनांच्या आसपास माल. पाऊस, बर्फ, अंधार, बाँबची भीती. त्यांना एक बिल्ला मिळाला होता, त्यावर 'इनलँड वॉटरवेज', म्हणजे देशांतर्गत जलमार्ग, याची दोन आद्याक्षरं होती: 'आय' आणि 'डब्ल्यू'. लोकांनी त्याचा अर्थ लावला 'आयडल विमेन'. रिकामटेकड्या बायका.

पन्नास टन माल ओढणाऱ्या बायकांना रिकामटेकड्या म्हणायचं! थट्टा होती, मान्य. त्या बायकांनीही ती हसून घेतली. त्यांच्यातल्याच सुझन वुल्फिट यांनी १९४७ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकाला तेच नाव दिलं. पण थट्टा कुणाला कुठली सुचते ते बघण्यासारखं असतं. पुरुषाच्या बिल्ल्यावर ती दोन अक्षरं असती तर हा अर्थ एवढ्या सहज सुचला असता का? बाई काम करत असली तरी ती रिकामी, आणि खरोखर रिकामी बसली तर गुन्हेगार. हा न्याय इंग्लंडातही तोच आणि निपाणीतही तोच. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत, विड्यांच्या कामात दिवसभर राबलेल्या बायकांबद्दल "बसून विड्या वळतात" असं म्हणणारे मी माझ्या कानांनी ऐकलेत. बसून!

म्हणून मी म्हणते, आळस हा शब्द कामाचं माप सांगतच नाही. तो माणसाची पत सांगतो. पैसेवाला बसला तर विश्रांती, गरीब बसला तर आळस. पुरुष बसला तर विचार करतोय, बाई बसली तर घरात काम नाही वाटतं.

तिसरी साक्ष. हे कालवे आज आहेत ते कशामुळे? १९४४ साली एल. टी. सी. रोल्ट यांनी आपल्या 'क्रेसी' नावाच्या नावेवरच्या प्रवासाचं पुस्तक काढलं, 'नॅरो बोट'. ते वाचून रॉबर्ट आयकमन यांनी त्यांना गाठलं आणि १९४६ साली कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. तेव्हा सरकारी शहाण्यांचं मत काय होतं? कालव्यांतून माल जात नाही, तर बुजवा. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, आणि उरलासुरला धंदाही बसला. हिशोब भावजींचाच: उत्पन्न नाही, तर उपयोग नाही. या हिशोबाला सरकारातून पहिलं खणखणीत उत्तर मिळालं ते बार्बरा कॅसल वाहतूकमंत्री असताना. १९६७ च्या श्वेतपत्रिकेत आणि पाठोपाठ १९६८ च्या कायद्यात सरकारने हे मान्य केलं, की शेकडो मैलांचे कालवे निव्वळ विरंगुळ्यासाठी म्हणून राखायचे. विरंगुळा हे सार्वजनिक कारण आहे, रस्ता आणि दवाखाना यांच्यासारखं, हे कायद्यात लिहिलं गेलं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आणि त्या खात्यावर तेव्हा एक बाई होती, हेही मी मुद्दाम नोंदवते.

आता आजचं बोलते, कारण भांडण जुनं झालेलं नाही. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैल कालवे-नद्या 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' या धर्मादाय संस्थेकडे आहेत. १९९५ च्या कायद्याप्रमाणे ज्या नावेला कायमचा धक्का नाही तिने प्रामाणिकपणे प्रवास करत राहायचं, एका जागी सलग चौदा दिवसांहून जास्त थांबायचं नाही. माझी भाची यांतलीच. अशा हजारो नावा आहेत. काहींनी हौसेने हे आयुष्य निवडलं, पुष्कळांनी घराची भाडी परवडेनात म्हणून. तरुण आहेत, पेन्शनीतली एकटी माणसं आहेत, पोरं शाळेत घालून चौदा दिवसांचा हिशोब सांभाळणाऱ्या आया आहेत. एप्रिल २०२४ पासून या फिरत्या नावांना परवान्यावर जादा आकार लागला: पहिल्या वर्षी ५ टक्के, आणि वाढत वाढत २०२८ पर्यंत २५ टक्के. दुसरीकडे सरकारने २०२३ साली जाहीर केलं, की २०२७ नंतरच्या दहा वर्षांत संस्थेला सुमारे ४० कोटी पौंड मिळतील. आकडा मोठा दिसतो. पण महागाई धरली तर ती भली मोठी कपात आहे.

संस्थेची बाजू मला कळत नाही असं नाही. दोनशे वर्षांच्या भिंती, बांध, धरणं. दुरुस्तीचा खर्च वाढताच. धक्का असलेले लोक धक्क्याचे वेगळे पैसे भरतात, मग फिरत्यांनीही भरावे, असं ते म्हणतात. ठीक. पण कालव्याकाठच्या वाटेवरून रोज चालणारे, पळणारे, सायकलवाले, मासे धरणारे हे नाववाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि ती वाट सगळ्यांना फुकट आहे. असायलाच पाहिजे. मग तिचा भार सगळ्यांनी मिळून, म्हणजे सरकारने उचलायला नको का? ते सोडून ज्याचं नावेवाचून घर नाही त्याच्याच खिशात आधी हात का जातो? कारण त्याला आळशी म्हणून ठेवलेलं आहे. 'हे लोक फुकटात राहतात, हलत नाहीत, काही करत नाहीत.' एकदा हा शिक्का बसला की पैसे काढणं सोपं जातं. हिवाळ्यात एका जागी राहायचं असेल तर हिवाळी धक्का पैसे भरून मिळतो. म्हणजे तेच थांबणं पैसे भरले की सोय, नाही भरले की गुन्हा. शब्द कसे कामाला लागतात बघा.

आणि त्या 'काही न करणाऱ्या' माझ्या भाचीचा दिवस मी सोळा दिवस बघितला. लॅपटॉपवर हिशोबाची नोकरी आठ तास. पाणी संपलं तर नळापर्यंत नाव न्यायची, टाकी भरायला तासभर. संडासची टाकी रिकामी करायची. हिवाळ्यात सौर तबकड्यांना ऊन नाही, म्हणून बॅटरीसाठी इंजिन लावायचं, तेही शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सकाळी आठ ते रात्री आठ याच वेळात. कोळशाच्या गोण्या उचलायच्या. फिरत्या नावेचं आयुष्य म्हणजे आरामखुर्ची असं ज्याला वाटतं त्याने पंचवीस किलोची गोणी बर्फाळ फळीवरून एकदा आत आणून दाखवावी.

पण एवढी कामं असूनही तिथे फुरसत होती, आणि ती का होती ते सांगते. कामाला तिथे सीमा होती. टाकी भरली की भरली. शेगडी पेटली की पेटली. सात फुटांच्या घरात आणखी काम काढायला जागाच नाही. आणि दुसरं, पाळी ठरलेली होती. तिसऱ्या दिवशी मी सवयीने कणकेच्या डब्याकडे हात घातला, तर भाची म्हणाली, "मावशी, ठेव ते. आज पाळी त्याची आहे. तू बस." तिचा नवरा तोपर्यंत पीठ चाळायला लागलाही होता. पोळ्या नकाशासारख्या झाल्या. कुणी मेलं नाही.

घरातल्या बाईची फुरसत कुणाच्या तरी मेहरबानीवर सोडलेली असते. सगळ्यांचं झालं, उरलं तर तुझं. कालव्याच्या पाण्यासारखं शेवटच्या टोकाच्या शेताला. वरच्यांनी पाट फोडून घेतला की खालचा कोरडा. त्यावर उपाय पाणी देवाने जास्त द्यावं हा नसतो. पाळी लावावी लागते, आणि ती वहीत लिहावी लागते. आमच्या शेतकऱ्यांना हे पाण्याबद्दल कळतं. घराबद्दल का कळत नसेल? आणि जे घरात तेच गावात. बाग, नदीचा काठ, वाचनालय, बसायचा कट्टा, यांतून उत्पन्न नाही म्हणून ती आधी मोडीत निघतात, आणि मग ज्याच्या खिशात पैसा त्यालाच बसायला जागा उरते.

म्हणून माझ्या बहिणींनो, माझं सांगणं असं आहे. फुरसत मागताना कारण देऊ नका. पाठ दुखते म्हणून, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, उद्या जास्त काम करता येईल म्हणून: असल्या सबबींनी मिळवलेली फुरसत ही कामाचीच पगारी नोकर असते. ऋतू बघून बसू नका. सगळे बसतात तेव्हा बसायला परवानगी असतेच, ऑफ सीझनला बसून दाखवा. आणि दुसरी बसलेली दिसली, शेजारीण असो, सून असो, रस्त्याकडेला टोपली टेकवून बसलेली भाजीवाली असो, तर "काय, बसलीस होय?" असं विचारू नका.

भावजी, तुमच्या त्या कागदावर रोज बसायचे किती पडले ते लिहिलंय. खाली एक ओळ वाढवा: चाळीस वर्षं उभं राहायचे किती झाले. तो आकडा मला देणं लागता. बेरीज करून कळवा. घाई नाही.